इटालियन क्रियापद चालवायचं कसं? 'आरे', 'एरे', 'ईरे' आणि मराठी कान

इटलीत पोचून तीनच दिवस झाले होते. भाजीवाल्या आजोबांनी काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, आणि मी ऐटीत म्हणाले, "नॉन कापो." 'कापीरे' म्हणजे कळणे, शेवटचा 'ईरे' काढून 'ओ' लावला की 'मी'चं रूप होतं, एवढं व्याकरण मी विमानात वाचून ठेवलं होतं. आजोबा आधी गोंधळले, मग खो खो हसत सुटले. 'कापो' म्हणजे साहेब, मुख्य माणूस. मी त्यांना 'साहेब नाही' असं ठणकावून सांगितलं होतं. म्हणायचं होतं ते 'नॉन कापीस्को'.

मधला हा 'ईस्क' कुठून आला ते पुढे येईलच. या लेखात फक्त नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ घेतला आहे. तेवढा पक्का झाला की दुकानात, स्टेशनात, घरमालकिणीशी बोलताना निम्मं काम भागतं. आणि तो शिकताना मराठी माणसाने इंग्रजीच्या वाटेने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं ज्या गोष्टी समजावण्यात पानंच्या पानं घालवतात, त्यातल्या बऱ्याचशा आपण जन्मापासून करत आलेलो असतो.

आधी उच्चाराचं थोडं

इथे सगळे इटालियन शब्द देवनागरीत आहेत. 'त' आणि 'द' आपलेच, दंत्य. 'च' नेहमी 'चिमणी'तला, 'चमचा'तला नाही. 'ज' नेहमी 'जिलबी'तला. 'मांजा' (तो किंवा ती खाते) हे रूप वाचताना पतंगाचा मांजा डोक्यात आणलात तर उच्चार चुकलाच म्हणून समजा. जोडाक्षर दिसलं की ते नीट दाबून म्हणायचं: 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'पका' आणि 'पक्का' यांतला फरक कानाला माहीत असणाऱ्यांना हे अवघड नाही.

पहिली पायरी: 'णे' काढायचा

मराठीत 'बोलणे' या क्रियापदाचा 'णे' काढला की 'बोल' उरतो आणि त्याला प्रत्यय लागतात: बोलतो, बोलता, बोलतात. इटालियनमध्ये हेच होतं. फरक इतकाच, की त्यांच्याकडे 'णे' तीन प्रकारचे आहेत.

'आरे'चा गट सगळ्यांत मोठा: पार्लारे (बोलणे), लावोरारे (काम करणे), आबितारे (राहणे), कोंप्रारे (विकत घेणे). बाहेरून आलेले नवे शब्दही याच गटात येऊन बसतात. माऊसने 'क्लिक' करण्याला इटालियन माणूस 'क्लिक्कारे' म्हणतो. 'एरे'चा गट: प्रेन्देरे (घेणे), स्क्रिवेरे (लिहिणे), वेदेरे (पाहणे). आणि 'ईरे'चा: दोर्मीरे (झोपणे), पार्तीरे (निघणे), आप्रीरे (उघडणे).

शेपूट कापल्यावर जे उरतं ते संस्कृतातल्यासारखं हलन्त असतं: पार्ल्, प्रेन्द्, दोर्म्. आता याला प्रत्यय लावायचे.

दुसरी पायरी: धातू चालवायचा

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'गम् धातू चालवा' हा प्रश्न आठवत असेल. तसाच हा चालवू:

इओ (मी): पार्लो
तू (तू): पार्ली
लुई, लेई (तो, ती): पार्ला
नोई (आम्ही, आपण): पार्ल्यामो
वोई (तुम्ही सगळे): पार्लाते
लोरो (ते, त्या): पार्लानो

दुसऱ्या ओळीतला 'तू' हा छापखान्याचा घोळ नाही. इटालियनमध्येही 'तू'ला 'तू'च म्हणतात. हा योगायोग नव्हे, दूरचं नातं आहे. संस्कृतातलं 'वदामः, वदथ, वदन्ति' आणि इटालियनमधलं 'पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो' शेजारी ठेवून बघा. 'मः'च्या जागी 'मो', 'थ'च्या जागी 'ते', 'न्ति'च्या जागी 'नो'. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या, आणि इटालियन ही लॅटिनची लेक. सुखाची गोष्ट अशी की द्विवचन इथे नाही.

'एरे' गटात:

प्रेन्दो, प्रेन्दी, प्रेन्दे, प्रेन्द्यामो, प्रेन्देते, प्रेन्दोनो.

'ईरे' गटात:

दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो.

तीन गट आणि सहा रूपं म्हणजे अठरा प्रत्यय पाठ करायचे, असं वाटून बरेच जण इथेच वही मिटतात. मिटू नका. 'मी'चा 'ओ', 'तू'चा 'ई' आणि 'आम्ही'चा 'यामो' तिन्ही गटांत एकच आहे. 'तो/ती'ला 'आरे' गटात 'आ' लागतो, बाकी दोन्हींत 'ए'. 'ते'ला 'आरे' गटात 'आनो', बाकी दोन्हींत 'ओनो'. राहिला 'तुम्ही'. तो मूळ शेपटीतला स्वर तसाच राखतो: आते, एते, ईते. मोजून पाहा, अठरा खान्यांत वेगळे प्रत्यय दहाच निघतात. 'एरे' आणि 'ईरे' यांच्यात तर फक्त 'तुम्ही'च्या रूपाचा फरक आहे.

तिसरी पायरी: सर्वनाम गाळा

नवखा माणूस प्रत्येक वाक्यात 'इओ, इओ' करतो. इंग्रजीत 'आय'शिवाय वाक्य उभं राहत नाही, त्याची ही सवय. आपण मराठीत "येतेस का?" "येते" असं म्हणतो, 'तू' आणि 'मी' म्हणावं लागत नाही. इटालियनही तसंच. "पार्ली इताल्यानो?" म्हणजे "इटालियन बोलतेस?" प्रश्नासाठी शब्द इकडेतिकडे हलवायचे नाहीत, आवाज चढवला की झालं. नकारासाठी क्रियापदाच्या आधी 'नॉन' लावायचं: "नॉन पार्लो." मराठीत 'बोलतो'चं 'बोलत नाही' होताना क्रियापदच बदलतं, इथे ती भानगडही नाही.

सर्वनाम आलं तर ते जोर देण्यासाठी, आणि मग ते बरेचदा मागे येतं. कॉफी पिऊन झाल्यावर इटालियन मित्र "पागो इओ!" म्हणाला तर समजा की बिल तोच भरणार आहे. आपलं "देतो मी!" नेमकं तेच, आणि त्यानंतर होणारी ओढाताणही तीच.

आणखी एक सूट मिळते. बोलतो की बोलते हा लिंगभेद इटालियन वर्तमानकाळात नाही. बाई बोलो की बुवा, 'पार्लो'च.

चौथी पायरी: 'तुम्ही' कोणाला म्हणायचं

इथे मराठी माणूस हमखास फसतो, आणि कारण आपली चांगली वळणंच. वयस्क माणसाला आपण 'तुम्ही' म्हणतो, म्हणून समोरच्या आजींना 'वोई'चं रूप लावतो. पण आजच्या प्रमाण इटालियनमध्ये 'वोई' हे अनेकवचन आहे. एका व्यक्तीला मान द्यायचा तर 'लेई' वापरतात, आणि 'लेई' म्हणजे 'ती'. समोर पुरुष असला तरी 'लेई'च, आणि क्रियापद 'तो/ती'चं. "सिन्योरा, प्रेन्दे उन काफ्फे?" म्हणजे "बाई, कॉफी घेता?" शब्दशः पाहिलं तर "ती कॉफी घेते?" पहिले काही दिवस आपण समोरच्याशी नाही, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटत राहतं. 'महाराज काय घेतील?' या जुन्या दरबारी वळणाची आठवण ठेवा, मग विचित्र वाटत नाही.

या 'लेई'वर एकदा संक्रांतही आली होती. फाशिस्ट राजवटीने १९३८ साली तो परकीय आणि लाचार ठरवून 'वोई' वापरण्याची सक्ती केली. राजवट गेली, 'लेई' राहिला. मात्र नेपल्सकडे दक्षिणेत वडीलधाऱ्यांना 'वोई' म्हणण्याची जुनी रीत अजून ऐकू येते. तिथे आपला 'तुम्ही' खपून जातो. दुकानदार, डॉक्टर, घरमालकीण, सरकारी खिडकीमागचा माणूस: सगळ्यांशी 'लेई'ने सुरुवात करा. ते स्वतःच 'तू म्हण की' म्हणाले, की मग 'तू'.

पाचवी पायरी: जोर कुठे

प्रत्यय पाठ झाले तरी बोलणं परकं वाटतं, कारण आघात चुकतो. 'मी, तू, तो, ते' या चार रूपांत जोर धातूवर असतो. 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोहोंत तो प्रत्ययावर सरकतो.

सगळ्यांत जास्त चुकतं ते 'ते'चं रूप. 'पार्लानो' म्हणताना जीभ 'ला'वर टेकायला जाते. टेकू देऊ नका, जोर 'पार्'वरच: पार्लानो. नियम सोपा आहे. 'मी'च्या रूपात जिथे जोर, तिथेच 'ते'च्या रूपात. आबितो (मी राहतो) मध्ये जोर 'आ'वर, म्हणून आबितानोतही 'आ'वर. लावोरोत 'वो'वर, म्हणून लावोरानोतही 'वो'वर. तेलेफोनो (मी फोन करतो) मध्ये 'ले'वर, म्हणून तेलेफोनानोतही 'ले'वर. जोरानंतर तीन अक्षरं घरंगळत जातात. हा शब्द पंधरा-वीस वेळा मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

'एरे' गटाच्या मूळ रूपातही एक गंमत आहे. वेदेरेत जोर 'दे'वर, पण प्रेन्देरेत 'प्रेन्'वर आणि स्क्रिवेरेत 'स्क्रि'वर. लॅटिनमध्ये हे दोन निराळे गट होते, एक दीर्घ 'ए'चा आणि एक ऱ्हस्व 'ए'चा. इटालियनमध्ये ते एकत्र आले, पण जोराची जागा जुन्या घराची खूण सांगत राहिली. याला नियम नाही. शब्द शिकतानाच जोरासकट शिकायचा.

सहावी पायरी: तो 'ईस्क'

आता भाजीवाल्या आजोबांकडे परत. 'ईरे' गटातली बरीचशी क्रियापदं धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये 'ईस्क' घुसवतात, तेही फक्त त्या चार रूपांत, जिथे एरवी धातूवर जोर असता:

कापीस्को, कापीश्शी, कापीश्शे, काप्यामो, कापीते, कापीस्कोनो.

'आम्ही' आणि 'तुम्ही' साधेच राहतात, कारण तिथे जोर आधीच प्रत्ययावर गेलेला असतो. प्रत्यय तेच आहेत, बदललेलं काही नाही. मध्ये एक पाहुणा येऊन बसला आहे आणि जोरही त्याच्यावरच.

पाहुणा कुठे येतो आणि कुठे नाही हे ओळखायचं कसं? पुस्तकं म्हणतात, यादी पाठ करा. देवनागरीत लिहून पाहिल्यावर मला एक बरी खूण सापडली. 'ईरे' ज्या अक्षराला चिकटतो ते जोडाक्षर असेल तर बहुधा 'ईस्क' नाही: दोर्मीरे, पार्तीरे, सेन्तीरे (ऐकणे, जाणवणे), सेर्वीरे, आप्रीरे, वेस्तीरे, बोल्लीरे (उकळणे), सेग्वीरे (मागोमाग जाणे). साधं अक्षर किंवा नुसता स्वर असेल तर बहुधा 'ईस्क' येतो: कापीरे, फिनीरे (संपवणे), पुलीरे (साफ करणे), प्रेफेरीरे, स्पेदीरे (पाठवणे), कोस्त्रुईरे (बांधणे).

दगाबाज आहेतच. गारान्तीरे (हमी देणे) आणि आर्रोस्सीरे (लाजून लाल होणे) यांत जोडाक्षर असूनही 'ईस्क' येतो. वेनीरे (येणे), मोरीरे (मरणे), सालीरे (चढणे), उश्शीरे (बाहेर पडणे) ही तर मुळातच अनियमित, त्यांना या चाळणीत घालू नका. पण रोजच्या वापरातल्या शब्दांपुरती ही चाळणी मला पुरली.

सातवी पायरी: 'एच'चं संकट, जे आपल्याला नाहीच

इंग्रजीतून शिकवणारं कुठलंही पुस्तक इथे 'शुद्धलेखनातील अपवाद' असा धडा उघडतं. चेर्कारे (शोधणे) आणि पागारे (पैसे देणे) यांच्या 'तू' आणि 'आम्ही' रूपांत रोमन लिपीत एक 'एच' घालावा लागतो, नाहीतर पुढच्या 'आय'मुळे 'सी'चा उच्चार 'च' आणि 'जी'चा उच्चार 'ज' होतो. आता हेच देवनागरीत बघा:

चेर्को, चेर्की, चेर्का, चेर्क्यामो, चेर्काते, चेर्कानो.
पागो, पागी, पागा, पाग्यामो, पागाते, पागानो.

अपवाद कुठे आहे? क् धातूला चिकटलेला आहे तो शेवटपर्यंत क् च. भाषा नियमित आहे, अडचण रोमन लिपीची आहे. मांजारेचंही तेच: मांजो, मांजी, मांजा, मांजामो. लिहिताना 'आय' एक की दोन हा घोळ रोमनमध्ये होतो (एकच लिहायचा). कानाला काही बदललेलं जाणवत नाही. म्हणून मी सांगेन, आधी कानाने शिका, मग लिहायला घ्या.

'एरे' गटात मात्र चित्र उलटं होतं. तिथे रोमन अक्षरं शहाण्यासारखी जागेवर राहतात आणि उच्चार उडी मारतो. लेज्जेरे (वाचणे): लेग्गो, लेज्जी, लेज्जे, लेज्जामो, लेज्जेते, लेग्गोनो. विंचेरे (जिंकणे): विंको, विंची, विंचे, आणि शेवटी विंकोनो. 'ओ'च्या आधी कठीण, 'ए' आणि 'ई'च्या आधी मऊ. 'मी' आणि 'ते' या दोनच रूपांत कठीण उच्चार. वरच्या 'कापीस्को, कापीश्शी'मध्येही नेमकं हेच घडतं.

जाता जाता: इटालियनमध्ये 'एच' या अक्षराचं नाव 'आक्का'. तो स्वतः कधी उच्चारला जात नाही, म्हणून कवडीमोल. "नॉन कापीस्को उनाक्का" म्हणजे "मला ओ की ठो कळत नाही."

आठवी पायरी: हा काळ कुठे कुठे चालतो

इथे मराठी माणसाला लॉटरीच लागते. "के फाई?" (काय करतोयस?) याला उत्तर "मांजो" म्हणजे "जेवतोय". वेगळा चालू काळ आहे, पण तो लावलाच पाहिजे असं नाही. "दोमानी पार्तो" म्हणजे "उद्या निघतो". भविष्यकाळ न वापरता, आपल्यासारखंच. "स्तूद्यो इताल्यानो दा दुए आन्नी" म्हणजे "दोन वर्षांपासून इटालियन शिकतोय". इंग्रजी शिकताना याच वाक्यासाठी आपण किती छड्या खाल्ल्या होत्या, आठवा. आणि 'आम्ही'चं रूप एकटंच उच्चारलं की त्याचा अर्थ 'चला, करू या' होतो: "मांजामो!" म्हणजे "जेवू या!"

सर्वांत गोड साम्य 'मला'चं आहे. आपण "मला पेन लागतं" म्हणतो. लागणारं पेन हा कर्ता, मी नाही. इटालियनही असंच: "मी सेर्वे ऊना पेन्ना." दोन पेनं लागली की "मी सेर्वोनो दुए पेन्ने", जसं आपलं 'लागतं'चं 'लागतात' होतं. "मी बास्ता" म्हणजे मला पुरतं, "मी सेंब्रा" म्हणजे मला वाटतं, "मी प्याचे" म्हणजे मला आवडतं. फक्त इतकं ध्यानात ठेवा की इटालियन 'मी' म्हणजे 'मला', आणि आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'इओ'. पहिला आठवडा डोकं गरगरतं. शिवाय कळण्याच्या बाबतीत दोन्ही भाषा वेगळ्या वाटेने जातात: आपण 'मला कळतं' म्हणतो, ते 'मी कळतो'च्या धर्तीवर 'कापीस्को' म्हणतात.

रोजचा रियाज

पंधरा मिनिटं पुरतात, पण मोठ्याने. पहिल्या आठवड्यात रोज एकच क्रियापद घ्या आणि सहाही रूपं पाढ्यासारखी म्हणा. दुसऱ्या आठवड्यापासून क्रम मोडा. पाढ्याचा तोटा असा, की 'पार्लानो'पर्यंत पोचायला 'पार्लो'पासून धाव घ्यावी लागते, आणि दुकानदार तेवढा थांबत नाही. सहा चिठ्ठ्यांवर सहा सर्वनामं लिहा, एक उचला, ताबडतोब रूप म्हणा. नकारासकटही म्हणा.

तोंडी बसवायची वाक्यं अशी निवडा, जी पहिल्याच दिवशी लागतील. "क्वान्तो कोस्ता?" (कितीला?), आणि वस्तू अनेक असल्या तर "क्वान्तो कोस्तानो?" "आ के ओरा पार्ते इल त्रेनो?" (गाडी किती वाजता सुटते?) "दोवे आबिती?" (कुठे राहतोस?) "आबितो आ पूने." हो, पुण्याचं नाव त्यांच्या तोंडी असंच काहीसं होतं.

आता पुढची सहा वाक्यं इटालियनमध्ये म्हणून पाहा. उत्तरं खाली आहेत, पण आधी झाकून ठेवा.

१. तू कुठे काम करतोस?
२. आम्ही पैसे देतो.
३. त्यांना इटालियन कळतं.
४. दुकानं किती वाजता उघडतात?
५. ते रोज फोन करतात. ('रोज'साठी 'ओन्यी जोर्नो')
६. डॉक्टर, तुम्ही मराठी बोलता? ('मराठी'साठी 'मराठी'च चालेल)

उत्तरं: १. दोवे लावोरी? २. पाग्यामो. ३. कापीस्कोनो लिताल्यानो ('इताल्यानो'च्या आधीचा 'ल' म्हणजे तिथलं उपपद). ४. आ के ओरा आप्रोनो ई नेगोत्सी? ५. तेलेफोनानो ओन्यी जोर्नो. जोर 'ले'वर ठेवलात ना? ६. दोत्तोरे, पार्ला मराठी? इथे 'पार्लाते' म्हणाला असाल तर हरकत नाही, आणखी दोन दिवस 'लेई'चा सराव करा. किंवा नेपल्सला जा.